चौथी फीत

आदरणीय भाऊजींस साष्टांग नमस्कार.

पत्र लिहिणारा मी, आपला एकुलता एक मेहुणा, वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि व्यवसायाने हिशेबतपासनीस. पत्राचा हेतू: आपण सोपवलेले काम मी केलेले नाही व करणारही नाही, हे लेखी कळवणे. आपला गुडघा आता बरा असेल. ताईचा रागही उतरला असेल (नसल्यास हे पत्र तिला आधी दाखवू नये).

आपण मला परदेशी आपल्या लेकीकडे, ठकीकडे पाठवले ते तिची समजूत घालायला. वैमानिकाची नोकरी सोड, कंपनी देते आहे ती कार्यालयातली खुर्ची घे, गोऱ्या लोकांशी जन्मभर काय भांडत बसायचे, हा आपला निरोप मी पाठही केला होता. पण येतानाच्या विमानात ठकीच सहवैमानिक होती, आणि तिथेच घोटाळा झाला. प्रवासी चढत असताना ती दाराशी उभी होती. एका गोऱ्या गृहस्थांनी आपला ओव्हरकोट तिच्या हातात ठेवला आणि विचारले, "वैमानिक आले का?"

"आले आहेत," ठकी म्हणाली. "तुमचा कोट त्यांच्याच हातात आहे."

गृहस्थ हसले नाहीत. उतरेपर्यंत त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरून ठेवले होते (विमान इतके अलगद टेकले, की माझ्या शेजारच्या बाईंची झोप मोडली नाही).

आगमन कक्षात आलो, तर भिंतीवर कंपनीच्या जाहिरातीत ठकी, माणसाच्या दुप्पट उंचीची. खाली मजकूर: 'आमच्या आकाशात सर्वांना जागा.' चेहरा असा उजळवलेला, की एवढी गोरी ती जन्मली तेव्हाही नव्हती (ताई खात्री देईल). आणि बाहीवर सोनेरी फिती चार. भाऊजी, चार फिती कॅप्टनच्या असतात. ठकीला तीनच आहेत, कारण निवड मंडळाने तिला पुन्हा वगळले. तिच्याकडून धडे घेतलेली दोन गोरी पोरे चार फिती मिरवतात. तिच्याबाबत मात्र 'प्रवाशांना विश्वास वाटेल असे व्यक्तिमत्त्व अद्याप दिसत नाही' असा शेरा. भिंतीवर दिसते, विमानात दिसत नाही. तिच्या घरी पोहोचल्यावर मी तिला विचारले.

"फोटोपुरता दुसऱ्याचा कोट घातला होता, मामा. लगेच काढून घेतला," ती म्हणाली. यंदा कॅप्टनपदासाठी अर्जच करणार नाही, असेही म्हणाली. हसत होती, पण ओतत असलेला चहा कपाबाहेर गेला. आपला निरोप मी तेव्हाच गिळून टाकला.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या कार्यालयात जाऊन मी दोन आकडे जुळत नसल्याचे निदर्शनास आणले. मुलीच्या बाहीवर एक वाढवा, नाही तर भिंतीवरची एक कमी करा. जनसंपर्क अधिकारी बाई म्हणाल्या, ते प्रतीकात्मक आहे. मी विचारले, विमानही ती प्रतीकात्मकच उडवते का? त्यांनी मला कंपनीची टोपी भेट दिली.

मग दुरुस्ती मलाच करावी लागली. काळी चिकटपट्टी घेतली, बूटपॉलिशवाल्याचे स्टूल मागून घेतले, आणि काळ्या बाहीवरची चौथी फीत झाकली. सुरक्षारक्षक धावत आला.

"आजोबा, खाली उतरा. कुणाच्या परवानगीने चाललंय हे?" ('आजोबा' या शब्दावर मी स्वतंत्र आक्षेप नोंदवला.)

"चूक करताना त्यांनी कुणाची घेतली होती?"

तेवढ्यात ठकी काम संपवून गणवेशातच तिथून निघाली होती, ती येऊन भिंतीखाली उभी राहिली. रक्षकाने तिची बाही पाहिली, भिंतीवरची पाहिली, बोटांवर मोजले. "जुळतंय की," तो म्हणाला, आणि मग कर्तव्य आठवून त्याने माझा दंड धरला.

"मामा," ठकी म्हणाली, "थोडी वाकडी लागली आहे."

त्याच संध्याकाळी तिने अर्ज केला.

ता. क. १ : चिकटपट्टी सकाळी काढली गेली. मला आगमन कक्षात वर्षभर प्रवेशबंदी आहे.

ता. क. २ : खरी विनंती अशी. मंडळ पुढच्या महिन्याच्या पहिल्या गुरुवारी बसते, आणि त्याचे सभासद विमानातून उतरून त्याच भिंतीसमोरून जातात. आपण आदल्या दिवशी, बुधवारी यावे. आपण माझ्याहून उंच आहात, स्टूल लागणार नाही, तेव्हा गुडघ्याची सबब चालणार नाही. काळी चिकटपट्टी तिकडूनच आणावी. इथला दुकानदार मला आता देत नाही. आणि सरळ लावावी. वाकडे काम आपल्या लेकीला खपत नाही, आणि ही खोड माझ्या बहिणीच्या बाजूची नाही.

(पुरवणी मजकूरही ग्राह्य धरावा, म्हणून सही अखेरीस करत आहे.)

आपला मेहुणा, त्याहून अधिक ठकीचा मामा
आगमन कक्षाच्या दाराबाहेरचा बाक (इथवर बंदी लागू नाही)
रविवार