बाबांना आज मी नेते आहे

वहिनी,

बाबांचं भाजलेलं बोट दाखवायला त्यांना दवाखान्यात नेते आहे. तुला मुद्दाम उठवलं नाही. दुपारपर्यंत येऊ.

काल "कोण ही बाई? हाकला हिला!" म्हणत त्यांनी गरम सूप तुझ्या अंगावर फेकलं, तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तू मात्र क्षणभर डोळे मिटलेस, एक श्वास घेतलास आणि आधी त्यांचाच हात पाहिलास. "बाबा, भाजलं का हो?" त्यावर ते लहान मुलासारखे रडले.

राग आला की आधी श्वास, मग शब्द, ही बुद्धाची शिकवण तू सांगायचीस, ध्यानाला बसायचीस. मी मात्र त्याला कामं टाळायचं निमित्त म्हणायचे. चुकलंच माझं. पोटची मुलगी असून मी लांबून नुसत्या सूचना देत राहिले.

तुझा खांदाही भाजलाय. तू बोलली नाहीस, पण मी पाहिलं. मलम टेबलावर आहे, आठवणीने लाव.

आत्ता पायात बूट घालून देताना बाबांनी मलाही ओळखलं नाही, माझा हात झटकला. रागाचा शब्द अगदी ओठांवर आला होता. एका श्वासाने माझं भागलं नाही गं, चार घ्यावे लागले. मग त्यांनी आपणहून पाय पुढे केला.

तुझी नणंद