सगुणाबाईंची सरासरी

२ ऑगस्ट १९९३, सोमवार
नर्सिंग होममध्ये कॉम्प्युटर आला. डॉक्टरांनी नारळ फोडला, सुहासिनी सिस्टरनी मॉनिटरला कुंकू लावलं. कल्याणच्या क्लासचं माझं सर्टिफिकेट अखेर कामी आलं. संकल्प: दिवाळीपर्यंत खर्च निम्मा, पेशंट दुप्पट वेगाने बरे. मॅनेजर या नात्याने मी फक्त दिशा देणार.

१४ ऑगस्ट, दुपारी ४
वर्षभराचे केसपेपर मशीनमध्ये घातले. शोध लागला. आमच्याकडे दोन आयाबाई. मालूचे पेशंट सरासरी चार दिवसांत घरी जातात, सगुणाबाईंचे नऊ. म्हणजे ही बाई लोकांना बरं होऊच देत नाही. बारा वर्षं इथे कामाला आहे, कुणाच्या लक्षात येऊ नये? कमाल आहे. सिस्टर म्हणाल्या, अहो, जड पेशंट आम्ही मुद्दाम सगुणाबाईंकडेच देतो, म्हणून तर ते उठून बसतात. असा रकाना केसपेपरात नाही. दुर्लक्ष केलं.

२१ ऑगस्ट
डॉक्टर कुरकुरले, पण चौदा पानी प्रिंटआउटपुढे कोण बोलणार? सगुणाबाईंना काढलं. कोपरच्या खाडीकाठच्या बाई, भांडतील वाटलेलं. त्यांनी एवढंच विचारलं, त्या लकव्यावाल्या म्हातारीला आता कोन भरवल? मी म्हटलं, सिस्टीम. जरा वाईट वाटलं. प्रगतीत तेवढं चालायचंच.

३१ ऑगस्ट
आबा काल मोरीत घसरले. खुब्याचं हाड. आमच्याकडेच अ‍ॅडमिट केलं, स्टाफला सवलत आहे. शुभदाची कटकट: मालू ताट ठेवून निघून जाते, तुम्ही तरी वर येऊन बघा. कसा जाऊ? खालच्या केबिनमध्ये महिनाअखेरची आकडेवारी कोण करणार? बायकोला डेटाची किंमत नाही.

४ सप्टेंबर, दुपारी
सरासरी मुक्काम अडीच दिवसांवर. नातेवाईक स्वतः रिक्षा आणतात, सही करतात, पेशंट घेऊन जातात. काय तो उत्साह. निम्म्या खाटा रिकाम्या, त्यामुळे चादरी धुण्याचा खर्चही वाचला. सिस्टरना यातही खोट दिसते. डिस्चार्ज रजिस्टर उतरवताना आबांचं नाव दिसलं. खुबा मोडलेला माणूस सहाव्या दिवशी घरी. स्वतःच्या वडिलांचं उदाहरण, डॉक्टरांना दाखवायला वेगळी प्रिंट काढली. पेढे घेतले.

४ सप्टेंबर, संध्याकाळी ७
आबा घरी नाहीत. शेजारच्या शालनवहिनी म्हणाल्या, शुभदाने त्यांना विठ्ठलवाडीच्या दवाखान्यात हलवलं, तिथे सगुणाबाई कामाला लागल्यात.

५ सप्टेंबर
जाऊन आलो. आमचे सगळे 'बरे झालेले' पेशंट तिथेच. लाज वाटली. पेढे पिशवीतून काढलेच नाहीत. आमच्याकडे एकाच बाजूवर पडून राहून आबांच्या पाठीला तळहाताएवढी जखम झाली आहे. सगुणाबाई म्हणाल्या, आलाव तर जरा हात लावा, कूस बदलायची हाय. मी पुढे झालो, पण धरायचं कुठे ते कळेना. आबांनी सांगितलं.