तीन तांबडे पट्टे

३ मार्च, मंगळवार

गेलो! पुरता अडकलो.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी आज स्पष्टच सांगितलं. हिचा डावा डोळा गेल्यातच जमा. उजव्याचं ऑपरेशन वीस तारखेला. "जमलं तर पुन्हा वाचायला लागाल. नाहीतर... बघू." डोळ्यांच्या डॉक्टरने 'बघू' म्हणावं!

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना हिने माझं कोपर धरलं आणि म्हणाली, "अहो, वीस तारखेच्या आत मला तुमचा समुद्र दाखवा. सेहेचाळीस वर्षं नुसता ऐकतेय."

मी म्हटलं, "दाखवतो की! त्यात काय एवढं!"

त्यात काय एवढं! मी जन्मात समुद्र पाहिलेला नाही.

४ मार्च, बुधवार

काल ते वाक्य लिहिलं आणि वही मिटून टाकली. आज सगळंच लिहितो. ही दुपारची पडलीय.

सहावीत होतो. शाळेची सहल समुद्रावर गेली आणि मी गालगुंडं होऊन, गळ्याला फडकं बांधून घरात. मुलं परत आली, गुरुजींनी निबंध घातला— 'मी पाहिलेला समुद्र'. आता मी काय लिहू? पुस्तकातली समुद्राची कविता मात्र तोंडपाठ होती, चालीसकट. तिच्यातल्या लाटा घेतल्या, फेस घेतला, आणि दीपगृह पदरचं घातलं. पांढरं शुभ्र, त्यावर तीन तांबडे पट्टे, पायथ्याशी अकरा पायऱ्या. वर्गात पहिला आलो! गुरुजींनी उभं राहून वाचून दाखवला. एक पोरगा कुजबुजला, "दीपगृह कुठं होतं रे?" तर शेजारचा त्याच्यावरच खेकसला, "होतं की! तू तेव्हा डबा खात होतास."

संपलं. तेव्हापासून ते दीपगृह उभंच आहे.

पुढे स्वतः मास्तर झालो. चौतीस वर्षं तीच कविता शिकवली, आणि दर वर्षी "मी लहानपणी पाहिलेलं सांगतो, ऐका" म्हणून तेच दीपगृह पोरांना दाखवलं. लग्न ठरल्यावर बागेतल्या बाकावर हिलाही दाखवलं. तेव्हा हिचे डोळे असे मोठ्ठे झाले होते... म्हणाली, "मला न्याल?" म्हटलं, नेईन.

गाडीने जेमतेम तीन तास. इथली माणसं सकाळी जातात, संध्याकाळी उन्हाने नाकं लाल करून परत येतात. मी नाही गेलो. कधी परीक्षा, कधी पेपर तपासणं, कधी लेकीचं आजारपण, मग माझे गुडघे. खरं म्हणजे भीती. आपला समुद्र तिथे नसला तर?

६ मार्च, शुक्रवार

भूगोलवाल्याकडे गेलो होतो. शाळेत माझ्या शेजारच्या वर्गावर असायचा, निवृत्त झाला तरी खिशात खडू सापडतो. आडून आडून विचारलं. तो हसतच सुटला.

"मास्तर, तिथं दीपगृह? अहो, सपाट वाळूचा किनारा तो. ना खडक, ना बंदर. दीपगृह काय वाळूतल्या खेकड्यांना वाट दाखवायला?"

"पूर्वी असेल. पाडलं असेल."

"नसलेलं कसं पाडतील?"

मग सगळं सांगावं लागलं. त्याने चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, "सांगून टाका वहिनींना. या वयात रुसून कुठं जाणारेत?"

त्याला काय कळतंय! रुसायची भीती नाहीच. सेहेचाळीस वर्षांत हिने माझ्या एका शब्दावर अविश्वास दाखवला नाही. एक खोटं सापडलं की माणूस बाकीची पोतीही सोडून बघतो.

७ मार्च, शनिवार

लेकीचा फोन. पुढच्या शनिवारची तिकिटं काढली तिने! सहा चाळीसची गाडी, परतीची सव्वापाचची. आता सुटका नाही.

"बाबा, आईचे थेंब दर चार तासांनी. टोपी. पाण्याजवळ गेलात की हात सोडायचा नाही. आणि ऐका, दीपगृहासमोर दोघांचा फोटो हवा हं मला! लहानपणी किती छळलंत त्या पायऱ्या मोजायला लावून."

तिलाही मीच झोपताना सांगायचो. विसरलोच होतो.

९ मार्च, सोमवार

हिला संशय आलाय. नक्की!

सकाळी चहा ओतता ओतता सहज विचारल्यासारखं, "पट्टे किती म्हणालात हो?"

"तीन."

"वरून सुरू होतात की खालून?"

"वरून... वरूनच."

"आणि पाण्याकडे तोंड केलं की दीपगृह कुठल्या हाताला?"

"डाव्या."

"मागे एकदा उजव्या म्हणाला होतात."

वकील बरा! कप भरून चहा बशीत उतरला, बशी भरून टेबलावर आला, तरी ओततेच आहे. माझ्या हातून थेंब सांडला तरी दिवसभर ऐकवणारी बाई! मनातून किती संतापली असेल. मी गुपचूप फडकं आणलं.

१० मार्च, मंगळवार

आज पायऱ्या विचारल्या. अकरा म्हटलं. ओठांतल्या ओठांत पुटपुटली. मनात टिपून ठेवतेय. तिथे गेल्यावर एकेक काढणार.

११ मार्च, बुधवार

घात झाला!

वही टेबलावर राहिली. उघडी! चौथ्या तारखेचंच पान! मी थेंब आणायला औषधांच्या दुकानात गेलो, परत येईपर्यंत पाऊण तास. ही त्याच टेबलाशी, वहीपासून वीतभर अंतरावर, हात मांडीवर ठेवून बसलेली. पूर्वी किराणा गुंडाळलेला कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकायची नाही.

"किती उशीर," एवढंच म्हणाली.

चेहऱ्यावर काही नाही. राग नाही, हसू नाही. वाचलंय तिने. वाचून गप्प बसलीय.

१२ मार्च, गुरुवार

रेडिओबरोबर गुणगुणत होती. मला जास्तच धडकी भरली.

निळा स्वेटर घालून दाखवला— "समुद्रावर शोभेल ना?" उलटा घातला होता, शिवणी बाहेर. सांगितलं तर हसली, "म्हणजे तुमचं लक्ष असतं अजून!" मग दाराच्या चौकटीला हात लावत लावत आत गेली.

असं हसणारं माणूस मनात काय ठेवून असतं?

१३ मार्च, शुक्रवार

पिशवी भरली. पाव, उकडलेली अंडी, थर्मास, चटई, थेंब दोन बाटल्या (एक फुटली तर), टोप्या, माझं हृदयाचं औषध. ते वरच ठेवलंय, हाताशी.

ठरलं. गाडीतच सांगायचं, तिसरं स्टेशन गेलं की. न्हाणीघरात आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं, "अगं, ऐक. ते दीपगृह—" पुढे नुसतं तोंड धुतलं. चौतीस वर्षं चाळीस पोरांपुढे उभा राहिलो, आणि एका बाईपुढे एक वाक्य होत नाही!

एकच विचार डोकं पोखरतोय. वीस तारखेनंतर हिला काही दिसलंच नाही तर? मग शेवटचं पाहिलेलं काय? रिकामी वाळू, आणि समोर पकडला गेलेला नवरा. तो चेहरा घेऊन ही उरलेली वर्षं बसणार.

१४ मार्च, शनिवार. गाडीत

अक्षर हलतंय. गाडी हलतेय, मीही. तिसरं स्टेशन गेलं. पाचवं गेलं. ही खिडकीशी, स्वेटर सुलटा, पिशवी मांडीवर. मी तोंड उघडलं की विचारते, "आता कुठलं आलं?" मी नाव वाचून दाखवतो. पुन्हा तोंड मिटतो.

मघाशी आपणहून माझा हात हातात घेतला. म्हणाली, "घाबरलात?"

"मी? छे!"

"मी घाबरलेय," म्हणाली.

वारा खारट लागतोय. म्हणजे असाच लागत असावा. उतरल्यावर सांगतो. वाळूवर पाय टेकले की लगेच.

१५ मार्च, रविवार

भूगोलवाल्याचं खरं होतं. सपाट वाळू, पाणी, आकाश. दुसरं काही नाही.

मी म्हटलं, "अगं, ऐक—" आणि ही ओरडली, "अहो, ते बघा! डाव्या हाताला! तीन पट्टे, वरूनच सुरू होतात. पायऱ्या मोजू?"

बोट केलं तिथे नुसतं आकाश होतं. वाटलं, वही वाचून मला लाजवतेय. वळून पाहिलं. हसत होती, अगदी बागेतल्या बाकावरच्यासारखी. मी माझा हात तिच्या डोळ्यांपुढून नेला. पापणी लवली नाही.

कधीपासून, ते विचारलं नाही मी. पट्टे पाठ करत होती. मी इतक्या वर्षांनी दाखवतोय, आणि तिला दिसलंच नाही असं मला वाटू नये म्हणून.

"हो," म्हटलं. "तेच ते."

"आता लाटा सांगा. छान सांगता तुम्ही."

तोंडपाठ कविता, एक ओळ आठवेना! मग समोर बघितलं, आणि दिसेल तसं सांगत गेलो. ही मध्येच म्हणाली, "हे आधी कधी सांगितलं नव्हतंत."

वीस तारखेपर्यंत थांबायचं नाही. उद्या सकाळी दवाखान्याचं दार उघडण्याआधी तिथे जाऊन उभं राहायचं. हिचा हात सोडायचा नाही.