मोराच्या पायाशी ठेवलेली पाटी

॥ श्री ॥

मिरज,
माघ वद्य पंचमी, शुक्रवार
(तुमच्या पिढीने फेब्रुवारी समजावा.)

चि. अपेक्षा हीस जयराजमामाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. मामी ठीक, शाळा ठीक. संस्कृत ही मृत भाषा आहे हे नववीचा वर्ग रोज नव्याने सिद्ध करतो. तू फोन बंद ठेवला आहेस, म्हणून हा कागद. त्याबद्दल आभारच मानतो. माझे अक्षर बरे आहे हे कुणाला तरी कळेल.

साखरपुड्यातल्या टेबलावरच्या तुझ्या फळांच्या मोराबद्दल नीट बोलायचे राहूनच गेले. खरबुजाचे अंग, कलिंगडाच्या सालीचा तुरा, पिसाऱ्यात तासगावची द्राक्षे आणि अननसाच्या फोडी. एकेक फोड तू अर्ध्या काडीने आतून टोचत होतीस; काडी दिसली की मोर मेला, म्हणालीस. वाईच्या पाठशाळेत एवढी वर्षे काढूनही माझ्या हातून इतका सुबक श्लोक उतरला नाही, असे मी म्हटले, तर तू म्हणालीस, "मामा, श्लोक नासत नाही. तुम्हाला घाई कुठं असते?"

लग्नानंतर असली पार्ट्यांची टेबले सजवत हिंडणे आमच्या घरात चालायचे नाही, असे नवऱ्या मुलाचे, म्हणजे साईराजचे, काका तानाजीराव बैठकीत म्हणाले होते. मोर हे तुझे त्यांना उत्तर होते. ते सगळ्यांना कळले होते, बहुधा मोरालाही.

आता ताई सांगते, तू सुऱ्या गुंडाळून माळ्यावर टाकल्यास आणि अंगठीची डबी परत पाठवायला बांधून ठेवलीस. अंगठी तुझी आहे, मी कोण बोलणार? एवढेच मागतो, हे पत्र संपेपर्यंत डबी घरात राहू दे.

तुझ्या होणाऱ्या सासूबाईंची, बनुबाईंची, तब्येत बरी आहे.

शाळा सुटली की मी इथे दवाखान्यातच येऊन बसतो. आतड्यात काडी रुतल्याचे फोटोत दिसले, तेव्हा ती आली कुठून, असे डॉक्टरांनी विचारले. बनुबाई पापणी न हलवता म्हणाल्या, दात कोरायची खोड आहे, झोपेत गिळली असेल. बाहेर व्हरांड्यात तानाजीराव मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "त्या मोरातलीच काडी हाय ती. पोरगी उंबऱ्यात यायच्या आधीच वयनीला दवाखान्यात घातलं तिनं." हे कुणीतरी तुझ्या कानावर घातले, आणि कधी नव्हे ते तू वडीलधाऱ्यांचे ऐकलेस.

म्हणून मी पाहिले ते सांगतो.

मोराच्या पायाशी तू पाटी ठेवली होतीस: 'शोभेसाठी. आत काड्या आहेत, खाऊ नये.' पाहुण्यांची गाडी दारात आली तेव्हा तू आत साडी नेसत होतीस. तुझी आई ती वाचून दचकली. "विहीणबाईंच्या समोर खाऊ नये म्हणून लिहून ठेवायचं? काय म्हणतील त्या?" पाटी उचलून तिने पानसुपारीच्या तबकाखाली सरकवली. मी शेजारीच होतो. अतिथी या विषयावर काही सुचले होते, पण तोंड उघडले तसेच मिटले.

पुढे सगळे फोटोला उभे राहिले. साखरेच्या आजारामुळे दिवसभर सुना बनुबाईंच्या पानावर पहारा देत होत्या. साखरपुडा, आणि साखरेलाच मज्जाव. संधी साधून त्या मोराच्या मागे गेल्या आणि पिसाऱ्यातली एक फोड तोडली. इतक्यात तानाजीराव वळले. फोड न चावताच गेली. माझी नजर त्यांनी पकडली आणि शाळकरी पोरीसारख्या हसल्या. मीही हसलो. काडीची आठवण मला झाली नाही.

ताई हे तुला सांगणार नाही. तू तिच्याशी कायमचे बोलणे सोडशील, ही तिला धास्ती आहे. म्हणून ती रडते, आणि अंगठी पाठव, संपव एकदाचे, म्हणते. लेकीचे लग्न मोडले तरी चालेल, पण पाटी सापडू नये. तिच्यावर खुशाल रागाव. बोलणे मात्र सोडू नकोस.

काल बनुबाई एकट्या होत्या, तेव्हा पाटीची सगळी हकिगत मी त्यांना सांगून टाकली. त्या म्हणाल्या, "आवं मास्तर, पाटी आसती तरी मी खाल्लंच आस्तं. मला वाचाय कुठं येतंय?" वर म्हणाल्या, "भावजीस्नी काय सांगू नगा. दात कोरत हुते म्हणलंय, तेच ऱ्हाऊ द्या. आन् पोरीला म्हणावं, आननस लय ग्वाड हुता."

तब्येत बरी आहे असे वर लिहिले, ते खोडायला हवे. पण खाडाखोड मला आवडत नाही. साखर उतरत नाही. ताप आहे. उद्या सकाळी ऑपरेशन ठरले आहे, आणि डॉक्टर 'बघू' म्हणतात. या क्रियापदाचे हे रूप मला कधीच आवडलेले नाही. दुपारपासून बनुबाईंनी दोनदा विचारले, पोरगी आली का. तिसऱ्यांदा काय सांगू, ते कळव.

पत्र टपालाने पाठवत नाही. साईराजच्या हाती देतो आहे. आत काय लिहिले आहे हे त्याने विचारले नाही, मी सांगितले नाही. आईला इथे ठेवून तो मिरजेहून साताऱ्यापर्यंत उपाशीपोटी गाडी हाकत आला आहे, आणि तू वाचते आहेस तोवर दाराबाहेर उभा असेल. त्याला आधी आत घे, दोन घास दे. मग डबी द्यायची तर त्याच्याच हातात दे.

नाहीतर माळ्यावरच्या सुऱ्या काढ आणि गाडीत बस. अननस मी इथे आणून ठेवला आहे. बनुबाई शुद्धीवर आल्या की उशाशी काहीतरी असावे. खाता येणार नाही, बघता तर येईल. काडी घालू नकोस. पाटीही लिहू नकोस.

तुझी वाट पाहणारा, आणि त्या दिवशी तबकाशेजारी गप्प उभा राहिलेला,

जयराजमामा