जेवणाआधी विचारता ते

बेंगळुरू

अप्पांना चैत्राचा शरणु शरणार्थी.

फोनवर तुम्ही स्पीकर लावता आणि सगळं दुबलगुंडी गाव ऐकतं, म्हणून पत्र लिहिते आहे. धाकटी पवित्रा वाचून दाखवेल. मी बरी आहे. ज्वारीची भाकरी मिळते, पण अव्वाच्या हातची नव्हे. तिचा गुडघा कसा आहे?

काम सोपं आहे. पुलांचे आराखडे संगणकानं तपासून येतात आणि मी खाली सही करते. सही खोटी ठरू नये म्हणून सगळी गणितं हातानं पुन्हा करते. अजून एकही चूक सापडलेली नाही. आता सापडावी असं वाटू लागलंय, आणि पुलाबद्दल असं वाटतं याची भीती वाटते. साहेबांकडे दुसरं काम मागितलं. ते म्हणाले, "पगार येतोय न्हवं, मॅडम? मग बसा की निवांत."

घरी ताटावर बसायच्या आधी तुम्ही प्रत्येकाला विचारता, "आज काय कायक झालं?" इथं कोणी विचारत नाही, तरी खरं काम केल्याशिवाय घास उतरत नाही. म्हणून संध्याकाळी वसतिगृहाचा जिना झाडते, मग जेवते.

नोकरी सोडणार नाही. माझ्याकडे बघूनच तुम्ही पवित्राला बीदरच्या कॉलेजात घातलंत.

अव्वा सांगत होती, रोज विचारताना माझंही नाव घेता आणि तुम्हीच उत्तर देता, "चैत्रा पूल बांधायलीय." अप्पा, तेवढं म्हणू नका. जिना झाडला म्हणा. ते खरं आहे.

तुमची थोरली लेक,
चैत्रा