प्रॉम्प्टरच्या तोंडातलं पाणी

बडोदा
८ डिसेंबर २००२

प्रिय बाबा,

सप्रेम जयभीम. पाकीट जाड लागलं म्हणून काळजी करू नका. मी ठणठणीत आहे. इथे वरणातसुद्धा साखर घालतात, तेवढं एक दुःख सोडलं तर बाकी सगळं झकास चाललंय. तुमच्याकडे एक गोष्ट मागायची आहे, पण ती अगदी शेवटी. नवीन नाटक हातात आलं की तुम्ही आधी शेवटचं पान वाचून काढता, हे मला माहीत आहे. ती लबाडी या पत्राशी करायची नाही. सरळ वाचत यायचं.

परवा होस्टेलवर मुली आपापले वडील काय करतात ते सांगत होत्या. कुणाचे डॉक्टर, कुणाचे बँकेत. मी सांगितलं, माझे बाबा एरवी राइस मिलमध्ये कामाला असतात आणि हिवाळ्यात नाटकात प्रॉम्प्टर. मग मला सगळी झाडीपट्टी रंगभूमी समजावून सांगावी लागली. दिवाळी झाली की आपल्या वडशात नाटक कंपन्यांची ऑफिसं कशी उघडतात, मंडईच्या जत्रेला गावंच्या गावं नाटकाला कशी लोटतात, रोज नवं गाव आणि तालमीला वेळ नाही, म्हणून विंगेत वही घेऊन बसलेला एक माणूस अख्खं नाटक कसं तोलून धरतो. नट अडखळला की प्रेक्षकांना कळायच्या आत पुढच्या वाक्याचा पहिला शब्द त्याच्या कानात पडलाच पाहिजे, हे मी जरा फुशारकीनेच सांगितलं. माझी रूममेट मदुराईची आहे. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, मग तुझे बाबा स्वतःचं कधी बोलतात? तेव्हापासून तो प्रश्न डोक्यातून जात नाही, आणि आपल्या अंगणातली ती दोन वर्षं सारखी आठवतात.

मला एम.एस्सी. बायोटेक्नॉलॉजी करायचंय असं मी म्हटलं, तेव्हा ते काय असतं हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. खरं म्हणजे मलाही फारसं नव्हतं. ब्रह्मपुरीच्या कॉलेजात मॅडमनी सांगितलं होतं की त्यासाठी देशभरातली मुलं एक प्रवेश परीक्षा देतात आणि निवड झालेल्यांना मोठ्या विद्यापीठात जागा मिळते. तुम्ही एवढंच विचारलंत, "पाठांतर हाय का त्यात?" मी म्हटलं, भरपूर आहे. "मंग तं आपल्या घरचंच काम हाय," म्हणालात आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी चष्मा पुसून कडुलिंबाखाली खाट टाकलीत. मी सगळी उत्तरं देवनागरीत उतरवून तुमच्या हातात दिली. मिलमध्ये जायच्या आधी आपली तालीम. फॉस्फोफ्रुक्टोकायनेज तुम्ही असं म्हणायचात की खलनायकच एंट्री घेतोय. क्रेब्ज सायकलमध्ये ऑक्झॅलोअ‍ॅसिटेट परत आलेलं पाहून तुम्ही वैतागला होतात, "हे बाई तं सुरुवातीलेच येऊन गेली ना? आता शेवटी पुन्हा काऊन?" त्या दिवशी त्या सायकलला सायकल का म्हणतात ते माझ्या डोक्यात पक्कं बसलं. मी अडखळले की तुम्ही पहिला शब्द सांगायचात आणि उरलेलं मी घडाघडा म्हणून टाकायची. एकही उत्तर अडायचं नाही. पोट्टीचं सगळं तोंडपाठ हाय, असं तुम्ही मिलभर सांगत सुटलात.

आणि मी साफ आपटले. त्या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापतात. माझे इतके कापले गेले होते की धाकट्या विक्कीने निकालाचा कागद उलटा धरून पाहिला, तसा तरी बरा दिसतो का म्हणून. मी हसले नाही. तुम्ही तर त्या दिवशी जेवलाही नाहीत. मग आरमोरीहून मामा आले. मामा वाईट बोलले नाहीत, पण स्पष्ट बोलले. "एक साल अजून पाहा. नाई जमलं तं डी.एड.ले बसवा. मास्तरीण होईन, घरापासी राहीन." आईला ते पटलं, आणि तुम्हीही खाली बघून मान हलवलीत. मास्तरकीत वाईट काहीच नाही बाबा, पण मला ती नको होती. डोळ्यांना दिसत नाही एवढ्या पेशीत एवढा मोठा कारभार कसा चालतो, ते मला बघायचं होतं. आता ती पुढच्या मेमधली एक परीक्षा उरली होती. ती गेली असती तर दार बंद झालं असतं.

मग पुन्हा तेच, खाट, कडुलिंब आणि तुम्ही. कदाचित पुन्हा तसाच निकाल लागला असता, पण एक दिवस घड्याळवाल्या हाफिजचाचांची नाहीद आली. शाळेपासून माझ्यासोबत असलेली ही मैत्रीण कुणाची भीडभाड ठेवत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. ती खाटेच्या कडेला बसून आपली तालीम बघत राहिली आणि मग हसायलाच लागली. "अवं, पेपर तू देऊन राह्यली का काका देऊन राह्यले?" मला राग आला. तिने तुम्हाला चहाच्या निमित्ताने आत पाठवलं आणि आदल्या वर्षीच्या पेपरातला एक प्रश्न मला पर्यायांसकट विचारला. डीएनएचे तुकडे जोडणारं एन्झाइम कोणतं? पहिला पर्याय होता डीएनए पॉलिमरेज. डीएनए हा शब्द कानावर पडला मात्र, मी सुसाट सुटले आणि पॉलिमरेजची सगळी कुंडली म्हणून दाखवली. उत्तर होतं लायगेज. ते शेवटच्या पर्यायात बसलेलं होतं, आणि मला ते चांगलं माहीत होतं. तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. पहिला शब्द ऐकला की पळत सुटायची मला सवय लागली होती, आणि परीक्षेत प्रत्येक प्रश्नाखाली चार-चार प्रॉम्प्टर बसलेले, त्यातले तीन खोटे. जो आधी बोलला त्याच्या मागे मी गेले होते.

तुम्ही दारात चहाचे कप घेऊन उभे होतात. सगळं ऐकलं होतंत. मला वाटलं तुम्ही दुखावले जाल. तुम्ही कप खाली ठेवलेत आणि म्हणालात, "मंग आजपासून मी गप."

गप राहणं म्हणजे काय असतं ते मी तुमच्याकडे बघून शिकले. पहिल्या दिवशी मी जरा थांबले आणि शब्द तुमच्या तोंडातून निसटलाच. दुसऱ्या दिवशी आवाज आला नाही, पण ओठ हलले आणि मी ते वाचले. मग तुम्ही पाठ करून बसलात, तर तुमचे खांदे बोलायला लागले. नाहीद हसून हसून लोळायची बाकी होती. शेवटी तुम्ही उठलात, माठातलं पाणी घेतलंत, एक मोठा घोट तोंडात भरलात आणि गाल फुगवून समोर बसलात. काय ते ध्यान दिसत होतं. मी अडले की तुमचे डोळे मोठे व्हायचे, कपाळावरची शीर उठायची, कधी कधी पाणी भसकन गिळून शब्द बाहेर यायचा आणि मागोमाग ठसका. मी उत्तर दिलं की मगच तुम्ही उठून जास्वंदीच्या मुळाशी पाणी टाकायचात आणि "हं" म्हणायचात. हंगाम सुरू झाल्यावरही चुकवलं नाहीत. सकाळी कुठल्या तरी गावाहून जीपने येऊन झोपायचात, दुपारी उठलात की चहाच्या आधी तोंडात पाणी. रात्रभर दुसऱ्यांना शब्द पुरवायचे आणि दुपारी स्वतःच्या पोरीला एकही द्यायचा नाही, हे तुम्हाला किती जड गेलं असेल ते मला आता कळतं. आई म्हणायची, "यंदा त्या जास्वंदीलेच लय फुलं येऊन राह्यले." आणि मला हळूहळू एक गोष्ट उमगली, जी तुमच्या धंद्यात कुणी कधी सांगत नाही. माणूस थांबला म्हणून नाटक पडत नाही. जरा थांबू दिलं की शब्द आपल्या पायांनी येतो.

नागपूरचं ते सेंटर आठवतं ना, बाबा? मे महिन्याचं ऊन, आणि तुम्ही फाटकाबाहेर डोक्याला दुपट्टा बांधून उभे. मी आत गेले आणि ठरवल्याप्रमाणे प्रत्येक प्रश्नाचे पर्याय तळहाताने झाकले. आधी उत्तर माझं, मगच हात काढायचा. बरंच जमत गेलं. मग एक प्रश्न आला, पायरुव्हेट कार्बोक्झिलेजला कोणतं जीवनसत्त्व लागतं. डोकं एकदम कोरं. आदल्या वर्षीची मी असते तर झटकन हात उचलून चौघांपैकी एकाच्या मागे गेले असते. हात उचलावासा वाटलाही. पण मला तुमचे फुगलेले गाल दिसले आणि मोठे झालेले डोळे, आणि त्या भर परीक्षेत मला हसू फुटलं. पेपरवर लक्ष ठेवणाऱ्या बाई माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. मी तशीच थांबले. बायोटिन. हात काढला तर ते तिथे होतंच. त्यानंतर मी घाबरले नाही. बाहेर आल्यावर तुम्ही पेपर कसा गेला म्हणूनही विचारलं नाहीत, उसाचा रस पाजलात आणि मी बोलायची वाट बघत राहिलात.

निकाल मी आणि नाहीदने नागपूरला इंटरनेटवर पाहिला. नाव होतं. चांगलं वर होतं. नाहीदने त्या दुकानात मला उचलून गरगर फिरवलं. मी कोपऱ्यावरच्या एसटीडीवर फोन लावला, त्यांनी तुम्हाला बोलावलं, आणि तुम्ही फोनवर एक अक्षर बोलला नाहीत. मी बाबा, बाबा करत राहिले. मग मीच सांगितलं की झालं, मिळाली मला जागा, बडोद्याला. तरी गप्पच. मग काहीतरी सांडल्याचा आवाज आला आणि तुम्ही रडायला लागलात. मला वाटलं होतं की रडू आवरत होतात म्हणून बोलत नव्हतात. खरी गोष्ट विक्कीने मला गाडीत बसवताना सांगितली. फोन आलाय असं कळल्यावर तुम्ही आधी माठाकडे धावलात, पाण्याचा घोट भरलात आणि तशाच फुगलेल्या गालांनी सगळ्या गल्लीतून एसटीडीपर्यंत पळालात. पास झाली का, हे तुमच्या तोंडून आधी निघू नये म्हणून. बाबा, मी तेव्हा गाडीत खिडकीकडे तोंड करून गोंदियापर्यंत रडत होते, आणि शेजारच्या बाईंना वाटलं मला घर सुटल्याचं दुःख झालंय. मी जिंकल्याचं रडत होते. माझ्या आयुष्यात मला एवढा आनंद कधी झाला नव्हता.

मी निघायच्या आदल्या आठवड्यात विहारात वस्तीने माझा सत्कार केला होता, तेव्हाचंही एक आठवतं. सगळे म्हणाले, खुशालभाऊ, तुम्ही दोन शब्द बोला. तुम्ही हात जोडलेत आणि आईला पुढे ढकललंत. आई बोलली, छान बोलली. तुम्ही मागे खांबाला टेकून तिच्या प्रत्येक वाक्याआधी ओठ हलवत होतात. आई अडली असती तर पहिला शब्द तुमच्याकडे तयार होता. रूममेटने विचारलेला प्रश्न मला का टोचला, ते आता तुम्हाला कळलं असेल.

आता मागणं. आईने फोनवर सांगितलं की तुमचे पंचवीस हंगाम पूर्ण झाले म्हणून मालक बिरजूभाऊंनी वडशाच्या प्रयोगाआधी कंपनीतर्फे तुमचा सत्कार ठरवलाय, त्यात तुम्ही बोलावं असा त्यांचा हट्ट आहे, आणि तुम्ही नाही म्हणून निरोप पाठवलाय. "वही नसली तं मले बोलता येत नाई," असं म्हणालात म्हणे. ते खोटं आहे. तुम्ही बिरजूभाऊंना होकार कळवा. सुट्टी लागलीच आहे, मी येतेय. त्या दिवशी विंगेत तुमच्या जागेवर मी बसणार आहे, आणि माझ्या हातात वही नसेल. माइकसमोर तुम्ही थांबाल, घाबराल, सवयीने विंगेकडे बघाल. तुमच्या भाषणाचा पहिला शब्द कोणता असावा हे मला पक्कं ठाऊक आहे, पण मी तो सांगणार नाही. मी गाल फुगवून बसलेली असेन. सगळं वडसा समोर बसलेलं असू दे, तुम्ही लागेल तेवढा वेळ घ्या, बाबा. मी पाणी गिळणार नाही.

तुमचीच,
प्रिया