कंट्रोल माझ्याकडे आहे

३ मार्च
पेन क्लिनिक. दाखवायला गेलो कंबर, डॉक्टरीणबाईंनी खानदान काढलं. घरात कुणाला दारूची सवय? कंबरेची गोळी दुखतं म्हणूनच घेता, की वैतागलात तरी घेता? म्हणे, गोळी अफूच्या जातीची आहे, हे सगळ्यांनाच विचारतो. मी काय सगळ्यांतला आहे? वडिलांच्या पिण्याबद्दल बोललो नाही. गेलेल्या माणसाला कशाला मध्ये आणा? लोकांना गाडी शिकवण्यात हयात गेली माझी. कंट्रोल म्हणजे काय, ते मला विचारा.

१० मार्च
संकल्प : सकाळी एक, रात्री एक. बस्स.
आज जरा जास्त झाल्या. ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकाशी वाजलं. वाजलं की कंबर धरते.

१९ मार्च
गोळ्या मुदतीआधीच संपल्या. क्लिनिकला फोन करून सांगितलं, पाकीट बेसिनमध्ये पडलं. बाई म्हणाल्या, मागच्या वेळी बसमध्ये राहिलं होतं ना? पेशंटचं इतकं बारीक लक्षात ठेवणं बरं नव्हे.
बायको म्हणते, गोळ्या माझ्याकडे दे, मी काढून देत जाईन. मी काय कुक्कुलं बाळ आहे? दिवसभर अबोला. तिचा.

२ एप्रिल
नवीन शिकाऊ, एक टेलरबाई. फार घाबरट. क्लचवर पाय लटलटतो. म्हटलं, माझ्या पायाखालीही ब्रेक आहे, बिनधास्त चालवा. तर मलाच विचारते, सर, तुम्हाला झोप येतेय का? ऊन होतं. उन्हात कुणालाही येते.
उद्यापासून ड्यूटीवर गोळी बंद.

११ एप्रिल, दुपार
डुलकी नव्हतीच. डोळे मिटून एंजिनचा आवाज ऐकत होतो. जागा झालो तर गाडी रस्त्याच्या कडेला, इंडिकेटर चालू, हँडब्रेक ओढलेला. टेलरबाई बाहेर उभी राहून रडत रडत माझ्याच फोनवरून माझ्या बायकोशी बोलत होती. सायकलवर एक मुलगी आडवी आली म्हणे. सर, सर म्हणून ओरडले, सर हलेचनात. शेवटी तिनेच ब्रेक मारला. करकचून.
मुलगी वाचली. शिकवलं कुणी होतं?

१२ एप्रिल
मालकाने गाडीची किल्ली काढून घेतली. डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय कामावर यायचं नाही म्हणाला.
बायको ओरडली नाही. ओरडली असती तर उत्तर तयार होतं. एवढंच म्हणाली, त्या मुलीच्या आईला काय सांगणार होतास?

१४ एप्रिल
क्लिनिक. तेच प्रश्न. नाही म्हणायला तोंड उघडलं, तोवर बायकोने माझ्या वडिलांच्या पिण्याचं सगळं सांगून टाकलं. मी चिडून विचारलं, म्हणजे माझी कंबर खोटी का? बाई म्हणाल्या, कंबर खरीच दुखते हो. धोकाही खराच आहे. गोळ्या एकदम नाही, हळूहळू कमी करू. तोवर गाडी बंद.
घरी येऊन सगळ्या गोळ्या बायकोच्या हातावर ठेवल्या. स्वखुशीने. ती हात पुढे करून तशीच उभी.
मग बुटातल्याही दिल्या.